थाळी वाजवली, पण नळ बंद होता

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२



आज २२ मार्च. २०२० साली याच तारखेला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, आपण सगळे गॅलरीत उभे होतो. जनता कर्फ्यूचा दिवस होता तो. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शंख फुंकला, कोणी घंटा. मी स्टीलची थाळी आणि लाटणं घेतलं होतं. इतक्या जोरात वाजवली की थाळीला कडेला एक पोचा आला. तो पोचा अजून आहे. त्या थाळीत आजही मी जेवतो.

रोजच्या वाचनात आज योगायोगाने तिसऱ्या अध्यायातला बारावा श्लोक आला. सकाळी चहा घेताना वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आजचं चिंतन थोडं मोठं होणार आहे. आणि थोडं माझ्याबद्दल आहे. सांभाळून घ्या.

श्लोकाचा भाव असा. यज्ञाने संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवं ते देतील; पण त्यांनी दिलेलं त्यांना काहीच परत न देता जो नुसता उपभोगतो, तो चोरच. भगवंतांनी इथे 'स्तेन' असा शब्द वापरलाय. स्तेन म्हणजे चोर. कृतघ्न नाही, आळशी नाही, विसरभोळा नाही. चोर!

आधी मला हा शब्द जरा जास्तच वाटायचा. कोणाचे आभार मानायचे राहिले तर तो असभ्यपणा झाला, चोरी कशी? पण श्लोक नीट वाचला तर तिथे आभार मानण्याचा विषयच नाहीये. विषय आहे परत देण्याचा. त्याच्या आधीच्या श्लोकात सांगितलंय की देव आणि माणसं एकमेकांना पोसत राहतात आणि त्यातच दोघांचं भलं आहे. पुढे सोळाव्या श्लोकात तेच चाक म्हणून येतं. कोणीतरी देतं, कोणीतरी घेतं, घेणारा परत देतो आणि चाक फिरत राहतं. जो फक्त घेतो, त्याच्यापाशी येऊन चाक अडतं. आणि माउलींनी यज्ञाचा अर्थ लावताना आपल्या वाट्याला आलेलं कर्तव्य, म्हणजे स्वधर्म, यावरच भर दिलाय. म्हणजे हे फक्त होमकुंडापुरतं नाही. रोजच्या जगण्याला लागू आहे.

तर मंडळी, आता माझी गोष्ट.

आमची सोसायटी पुण्यात. सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट. २०२० साली मी कमिटीचा सेक्रेटरी होतो. वय तिशीच्या आत-बाहेर, इंजिनिअर, मेल नीट लिहिता येतात, म्हणून सगळ्यांनी गळ्यात घातलं. आमच्याकडे कचरा गोळा करायला एक मावशी येतात. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. गळ्यात ओळखपत्र, दोन मोठ्या बादल्या आणि खाली गेटपाशी ढकलगाडी. लिफ्टने सातव्या मजल्यावर जायच्या आणि एकेक मजला कचरा घेत खाली उतरायच्या.

२२ मार्चला आम्ही थाळ्या वाजवल्या. २४ तारखेला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत कमिटीची व्हिडिओ कॉलवर मीटिंग झाली. सगळे घाबरलेले. त्या मीटिंगमध्ये ठरलं की बाहेरून येणाऱ्या कोणीही लिफ्ट वापरायची नाही आणि बागेतला नळ व खालचं बाथरूम वापरायचं नाही. नोटीस मी लिहिली. आठ-दहा मिनिटांत. खाली सही माझी. वॉचमन दादांनी ती लिफ्टशेजारी चिकटवली.

आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. गॅलरीतून बागेतला नळ दिसतो. आठवड्याभराने आई म्हणाली, "काय रे, त्या मावशी नळाकडे गेल्या तर वॉचमननं परत पाठवलं. बिचारीनं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. नळाला पाणी नाहीये का?"

मी म्हटलं, "कमिटीनं ठरवलंय."

आई म्हणाली, "कमिटीत कोण आहे?"

मी काहीच बोललो नाही. टीव्हीवर तेव्हा दर दहा मिनिटांनी सांगत होते, साबणाने वीस सेकंद हात धुवा. देशातल्या प्रत्येकाला एकच काम दिलेलं होतं, हात धुणं. आणि अठ्ठावीस घरांचा कचरा, त्यात वापरलेले मास्क, आजारी माणसांचे रुमाल, हे सगळं हातांनी उचलणाऱ्या बाईचा नळ मी बंद केला होता. ज्या हातांनी थाळी वाजवली त्याच हातांनी नोटीस टाइप केली. मधे आठवडाही गेला नव्हता.

त्याच दिवशी मी नळ चालू करायला लावला, साबण ठेवला. पण इथे मला स्वतःला शाबासकी द्यायची नाहीये, कारण गोष्ट इथे संपत नाही.

आधी एक प्रश्न सोडवू. मला स्वतःला तेव्हा पडलेला आणि अनेकांनी मला विचारलेला : "अरे, ते त्यांचं काम आहे. पैसे मिळतात की. मग ऋण कसलं?"

प्रश्न चुकीचा नाही. माझ्या कामाचे मला पैसे मिळतात, म्हणून माझा क्लायंट माझ्यासाठी थाळी वाजवत नाही. पण थोडा हिशेब करून बघू या. मावशींचे पैसे ठरले ते साध्या दिवसांसाठी. दर घरामागे महिन्याचे अमुक, आणि सुका कचरा विकून येईल ते त्यांचं. मार्च २०२० मध्ये काय झालं? बस सर्वसामान्यांसाठी बंद, म्हणून त्या चालत यायला लागल्या. भंगारची दुकानं बंद, म्हणून सुका कचरा विकून येणारे पैसे थांबले. कचऱ्यातून आजार होण्याची भीती कितीतरी वाढली. आणि आमच्या सोसायटीतल्या काही घरांनी दोन महिने पैसेच दिले नाहीत, कारण काय तर नोटांना हात कोण लावणार! म्हणजे धोका वाढला, कष्ट वाढले आणि मिळकत कमी झाली. मी काय करत होतो? घरात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. पगार पूर्ण येत होता. वर कंपनीने खुर्चीला पैसे दिले.

मी घरात बसू शकलो, कारण कोणीतरी बाहेर होतं. दूधवाला, भाजीवाला, वीज मंडळाचा लाइनमन, हॉस्पिटलमधल्या सिस्टर, वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, स्मशानात रात्रभर उभा असलेला माणूस, आणि मावशी. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला डिपेंडन्सी म्हणतात. आपला प्रोग्रॅम ज्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर उभा असतो तो. तो नीट चालतोय तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही. पडला की मग पळापळ. मावशी एक दिवस आल्या नसत्या तर व्हॉट्सॲप ग्रुपवर पन्नास मेसेज पडले असते. त्या रोज आल्या, म्हणून एकही पडला नाही.

हा जो जास्तीचा धोका त्यांनी घेतला, त्याचे पैसे कोणत्याच हिशेबात नव्हते. तो आम्ही घेतला आणि वापरला. परत काय दिलं? पाच मिनिटं थाळी. आता सांगा, 'स्तेन' शब्द जास्त झाला का?

मग ती थाळी खोटी होती का? नाही हो. मला आठवतंय, वाजवताना घसा दाटून आला होता. समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा काठी टेकत बाहेर आले होते आणि ताम्हनावर पळी वाजवत होते. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण मला वाटतं, अडचण नेमकी इथेच आहे. भावना खरी असली आणि ती मोठ्याने व्यक्त केली की आतून मोकळं वाटतं. देणं फिटल्यासारखं वाटतं. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे आपण चांगले, असा मनाचा हिशेब असतो. त्या मोकळेपणातच मी पुढच्या आठवड्यात नोटीस लिहू शकलो. मी थाळी वाजवली नसती तर कदाचित मनात कुठेतरी टोचत राहिलं असतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडमध्ये २६ मार्च २०२० पासून दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात येऊन आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायचे. २८ मेपर्यंत दहा गुरुवार. आणि मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारने नर्सेसना पगारवाढ सुचवली ती एक टक्का. फार ओरड झाल्यावर ती पुढे तीन टक्के केली. आपल्याकडे आशाताईंचं बघा. २००५ पासून ही योजना आहे. गावात बाळंतपण असो, लसीकरण असो, दारोदार फिरणाऱ्या याच बायका. कोरोनात घराघरांत जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या याच. कागदोपत्री त्या 'स्वयंसेविका', म्हणून त्यांना पगार नाही, कामानुसार मोबदला आणि मानधन. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. आपण सगळ्यांनी अभिमानाने फॉरवर्ड केलं. मीही केलं. गौरव व्हायलाच हवा होता. पण पुरस्कार आला म्हणून मानधनाचा प्रश्न सुटला असं नाही ना होत.

आणि तो 'कोरोना योद्धा' शब्द. चांगल्या मनानेच दिला गेला. पण योद्धा म्हटलं की एक गोष्ट आपोआप होते. योद्धा जखमी होणार, प्रसंगी मरणार, हे आपण आधीच मान्य करून टाकतो. मग ग्लोव्ह्ज का नव्हते, नळ का नव्हता, हे विचारायचं राहून जातं. मावशी लढायला आल्या नव्हत्या. कचरा न्यायला आल्या होत्या.

इथे आम्हा भाविक मंडळींना एक सवय आहे, तीही सांगून टाकतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात सेहेचाळिसाव्या श्लोकात येतं की आपापल्या कर्मानेच भगवंताची पूजा करावी. फार सुंदर विचार. तेव्हा एका सत्संगाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की सफाई कामगारांचं काम हीच त्यांची पूजा. मी त्याला हात जोडलेली खूण टाकली होती. आज वाटतं, हा श्लोक स्वतःकडे बघून म्हणायचा आहे. माझं काम माझी पूजा, हे मी म्हणू शकतो. 'तुझं काम तुझी पूजा, म्हणून तू नळ मागू नकोस' हे मी दुसऱ्याला म्हणायला लागलो की ती भक्ती राहत नाही, सोय होते. गाडगेबाबांनी हे कोणाला नुसतं सांगितलं नाही. गावात शिरले की आधी स्वतः खराटा घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन.

हे सगळं आज का आठवतंय? कारण गेल्या महिन्यातली गोष्ट.

८ मार्चच्या महिला दिनाला सोसायटीने मावशींचा सत्कार करायचं ठरवलं. शाल, श्रीफळ, साडी आणि सन्मानपत्र. आता मी सेक्रेटरी नाही, पण सन्मानपत्र लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मसुदा दाखवायला सातव्या मजल्यावर अध्यक्षांकडे निघालो. मी पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्टशी माझा फारसा संबंध येत नाही. त्या दिवशी लिफ्टपाशी उभा राहिलो आणि शेजारच्या भिंतीकडे लक्ष गेलं. माझी नोटीस. पिवळी पडलेली, एका कोपऱ्यात फाटलेली. खाली माझी सही. नळाच्या ओळीवर पेनाने काट मारलेली होती. लिफ्टची ओळ तशीच.

पाच वर्षं. कोरोना गेला, मास्क गेले, ऑफिसं उघडली, कुरिअरवाले लिफ्टने जायला लागले. मावशी मात्र रोज सात मजले जिन्याने चढत होत्या. कोणी मुद्दाम केलं नाही. काढायचं कोणाला सुचलं नाही, इतकंच. आणि माझ्या हातात सन्मानपत्र!

मला तिथे उभ्या उभ्या चोखोबा आठवले.

चोखोबांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. जन्मभर विठ्ठलाचं नाव घेतलं, पण देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला तटाच्या बांधकामावर मजुरी करत असताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. साल १३३८ सांगतात. नामदेवराय गेले, अस्थी शोधल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, अशी कथा आहे. त्या पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही वारकरी आधी तिथे माथा टेकवतो. मान केवढा मोठा! पण समाधी दाराच्या बाहेर. आणि ज्यांच्यासाठी दार बंद होतं, त्यांच्यासाठी ते उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. मधे सहाशेहून जास्त वर्षं गेली. इतकी वर्षं लोक चोखोबांच्या समाधीला नमस्कार करून आत जात होते आणि चोखोबांच्या माणसांना बाहेर ठेवत होते. दोन्ही एकाच वेळी, आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नव्हती.

आमच्या लिफ्टची आणि पंढरीच्या दाराची बरोबरी करायची नाही. पण मनाची चाल तीच आहे. मान द्यायला आपण पटकन तयार होतो, कारण मान दिल्याने आपलं काही कमी होत नाही. दार उघडायचं म्हटलं की चर्चा सुरू होते.

आमच्याकडेही झाली. मी मीटिंगमध्ये म्हटलं, सत्कार करू, पण आधी ते कलम काढा. एक काका म्हणाले, "लिफ्टला वास येईल, त्याचं काय?" मी म्हटलं, "काका, वास आपल्याच कचऱ्याचा आहे." थोडी शांतता, थोडी कुरकुर. शेवटी ठरलं की झाकणाच्या दोन बादल्या सोसायटीच्या खर्चाने आणायच्या, मावशी लिफ्ट वापरतील, आणि त्यांचं काम झालं की लिफ्ट पुसून घ्यायची. घरामागचे पैसेही थोडे वाढवले. विरोधात चार मतं पडली. नोटीस मी स्वतः काढली, नखाने खरवडून.

मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं. गुडघा दुखायला लागला होता." पाच वर्षांत एकदाही बोलल्या नव्हत्या. मी विचारलं, "मावशी, बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "कागद लावला होता ना तुम्ही."

मग सत्काराचं सांगितलं. हसल्या. म्हणाल्या, "शाल द्या, नाही द्या. ते डायपर न् पॅड तेवढे कागदात गुंडाळून वेगळे द्या. ओल्यात टाकतात लोक. हातानं वेचावं लागतं." मी मान खाली घातली. २०१६ च्या घनकचरा नियमांतही हेच लिहिलंय, गुंडाळून द्या म्हणून. म्हणजे त्या काही उपकार मागत नव्हत्या. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका १९९३ साली बाबा आढावांच्या सोबतीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' म्हणून एकत्र आल्या, तेव्हा त्यांनीही कौतुक मागितलं नव्हतं. आधी हवं होतं ओळखपत्र, कोणी चोर म्हणू नये म्हणून. आणि गीता म्हणते, चोर तर न देता घेणारा!

तर मंडळी, मला आज जे कळलं ते एवढंच. आभार मानणं वाईट नाही, थाळीही वाईट नाही. पण काय परत द्यायचं हे आपण आपल्या मनाने ठरवलं तर आपण आपल्याला सोपं पडेल तेच देतो. ते घेणाऱ्याला विचारावं लागतं. मी पाच वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा उत्तर यायला एक मिनिटही लागलं नाही.

आजचा संकल्प. आपल्याकडे रोज येणाऱ्या एका माणसाला आज विचारायचं, "तुम्हाला इथे काम करताना अडचण काय होते?" वॉचमन दादा असोत, कचऱ्याच्या मावशी असोत, पार्सल आणणारा मुलगा असो. आणि उत्तर येईल ते करायचं. जमलं नाही तर निदान का जमत नाही हे त्यांना तोंडावर सांगायचं.

आमच्या घरी एक जाड पेन आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलाय. गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे मावशींना न उघडता कळतं. ठिपका काढायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. पोथी वाचून झाली की करते.

राम कृष्ण हरी.